हौद्याचा तळ

पिकअपचा हौदा रिकामा दिसणं नाशिक जिल्ह्यात तसं दुर्मीळ. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत त्यात टोमॅटोचे कॅरेट असतात. पुढे लाल कांदा येतो, मग द्राक्षं, मार्च-एप्रिलात उन्हाळ कांदा. शहरातून गावाकडे परतताना खताच्या गोण्या, औषधांचे खोके, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, आणि गावात सप्ताह असला की पंगतीची मोठाली पातेली. गाडी घेताना माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर दाबून बघतो, कागदपत्रं उलटसुलट वाचतो. हौद्याच्या तळाकडे बघायला कोणी वाकत नाही. तो कायम कशाच्या तरी खाली असतो, आणि त्याचं काम नीट चालू आहे तोवर त्याची आठवण व्हायला कारणही नसतं.

आमच्या पिकअपच्या तळाची आठवण झाली ती एका हमालाच्या पायामुळे. माझा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षं आणि टोमॅटो करतो. बाजारात माल उतरवताना एका हमालाचा पाय पत्रा फोडून घोट्याच्या वरपर्यंत खाली गेला. हाड वाचलं, पण पाय बाहेर ओढताना पोटरीची कातडी गंजलेल्या कडेने सोलून निघाली. भावाने त्याला दवाखान्यात नेलं, तिथे टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं आणि त्याच रात्री भावाने मला फोन केला. "ताई, गाडी तुझ्याकडे आणून लावतो. तळ नवा करून घे. मला इथून हलता येत नाही." तोड्याचे दिवस होते. मी नाशिकला राहते, कॉलेजला सुट्टी होती. असं ते काम माझ्याकडे आलं आणि अंबडच्या बाजूला एका शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी लोखंडाकडे आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं.

मिस्त्री साठीच्या आसपासचे. त्यांनी आधी काही विचारलं नाही. हातोडी घेऊन हौद्यात चढले आणि केबिनच्या बाजूपासून वीत-वीत अंतरावर ठोकत मागे आले. धड पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला बद्द. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी खडूने फुली मारली. शेवटी पाहिलं तर फुल्यांची दाटी तीन ठिकाणी होती : केबिनच्या मागे, जिथे खताच्या गोण्या रचल्या जात, चाकांच्या वर, जिथे खालून चिखल उडतो, आणि फाळक्याच्या कडेला, जिथून पाणी बाहेर पडायला हवं होतं आणि पडत नव्हतं. गाडीने आजवर काय वाहिलं आणि कुठे ठेवून वाहिलं, हे त्या फुल्यांवरून कोणालाही सांगता आलं असतं.

"ताई, यावर दुसरा पत्रा टाकून देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील," मिस्त्री म्हणाले. "स्वस्तातही होईल. मी ते काम घेत नाही."

"का?"

"दोन पत्र्यांच्या मधी पाणी बसतं. ते वाळत नाही. वरून नवं दिसतं आणि खालून खाणं चालू राहतं. पुन्हा एखाद्याचा पाय जाईल."

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढंच पुरतं. द्राक्षपट्ट्यातल्या गाडीच्या वाट्याला याहून बरंच जास्त येतं. पोटॅश म्हणून जे खत आपण घेतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, मिठाच्याच कुळातलं. गोणी उसवली की ते सांध्यांत जाऊन बसतं, ओल धरतं, आणि क्लोराइडच्या संगतीत गंज झपाट्याने चढतो. मोरचूद त्याहून वाईट. बोर्डो मिश्रणाला मोरचूद आणि चुना लागतो. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५च्या सुमारास ते मिश्रण द्राक्षवेलीवरच्या केवड्यासाठी पुढे आणलं आणि आजही दिंडोरी-निफाडच्या बागांत ते फवारलं जातं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढतो, पाण्याचा निळा रंग उतरतो आणि खिळ्यातलं लोखंड त्या पाण्यात विरघळत जातं. शाळेत परीक्षानळीत पाहिलेला तो प्रयोग आमच्या हौद्यात केबिनच्या मागच्या कोपऱ्यात हंगामामागून हंगाम चालू होता. त्यात भर म्हणजे गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पत्रा आणि खालचं चॅनल यांच्या फटीत तो शिरला की फुगून दोघांना एकमेकांपासून उचलतो, वेल्डिंग तोडतो, आणि मोकळ्या झालेल्या फटीत आणखी पाणी जातं. मिस्त्रींच्या नकारामागे हे सगळं होतं. त्यांनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि जुना पत्रा कापायला घेतला.

कापण्याआधीची तयारी मला फार आवडली, कारण तिच्यात दिखाऊ काहीच नव्हतं. बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. वेल्डिंगचा प्रवाह वायरिंगमध्ये शिरला तर अल्टरनेटर जातो आणि नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकही जातो. डिझेलच्या टाकीवर ओलं गोणपाट आणि त्यावर पत्र्याचा आडोसा. ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते खाली झोपून पाहिलं आणि वरच्या बाजूला त्याच रेषेत खडूने आखलं. अर्थिंगचा चिमटा गाडीला कुठेतरी अडकवून चालत नाही, तो जिथे टाका मारायचा त्याच्या जवळ लागतो. लांब लावला तर प्रवाह वाटेतल्या बेअरिंगमधून जातो आणि त्यांच्या गोळ्या खराब करतो. आणि गाडीच्या मूळ चॅसीला वेल्डिंगचा स्पर्श नाही. हौदा चॅसीवर बोल्टने बसतो, बोल्टनेच बसवायचा. तापवलेल्या चॅसीला पुढे भाराखाली तडा जाऊ शकतो, आणि तो तडा घाटात जाणार की सपाटीवर, हे आपल्या हातात नसतं.

मग प्रश्न आला जाडीचा. भावाचं म्हणणं फोनवर ठाम होतं. "पाच एमएमची प्लेट टाकायला सांग. एकदाच होऊन जाऊ दे." बहुतेक शेतकरी हेच सांगतात. पाय गेलेला पाहिल्यावर माणसाला जाड लोखंड हवंसं वाटतं, त्यात चूक काही नाही. मिस्त्रींनी टेप लावला. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. लोखंडाच्या बाजारात एक हिशेब सगळ्यांना पाठ असतो : मीटरमध्ये लांबी गुणिले मीटरमध्ये रुंदी गुणिले मिलिमीटरमध्ये जाडी गुणिले ७.८५, की किलो निघतात. ७.८५ कारण लोखंड पाण्याच्या तेवढ्या पट जड. त्यांनी जुन्या पत्र्यावरच खडूने मांडलं. पाच मिलिमीटरला सुमारे १८० किलो, तीन मिलिमीटरला १०८. फरक ७२ किलोंचा. टोमॅटोचा कॅरेट वीस किलोंचा धरला तर साडेतीन कॅरेट.

"गाडीचं एकूण वजन कागदावर ठरलेलं आहे," ते म्हणाले. "तुम्ही तळात लोखंड भरलं तर तेवढा माल कमी न्यायचा, नाहीतर जास्त भरून नियम मोडायचा. आणि रिकाम्या गाडीतही ते लोखंड रोज तुमच्याच डिझेलवर फिरणार."

तीन मिलिमीटर पत्रा भार कसा पेलेल, हे मी विचारलं. त्यांनी खाली वाकून आडवी चॅनल दाखवली. पत्रा मधल्या मोकळ्या जागेत झुकतो, चॅनलवर झुकत नाही. म्हणून दर दोन चॅनलच्या मध्ये एक हलका आडवा टेकू त्यांनी सुचवला. घरी आल्यावर मी याचं शास्त्र वाचलं. सारख्या पसरलेल्या भाराखाली पत्र्याची जाडी दुप्पट केली तर झोल आठव्या हिश्श्यावर येतो, पण दोन टेकूंमधलं अंतर निम्मं केलं तर तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. अंतर कमी करणं जाडी वाढवण्यापेक्षा दुपटीने गुणकारी आहे, तेही टेकूंचं थोडंसंच लोखंड वाढवून. मिस्त्रींनी हे सूत्र कधी पाहिलेलं नाही. ते कोणत्याही वर्गात बसलेले नाहीत. सातपूरच्या आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स शिकवतात. मिस्त्री मात्र मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात पोरवयात लागले आणि सुरुवातीचा बराच काळ दुसऱ्याने मारलेल्या वेल्डिंगवरची पापडी छिन्नीने उडवणं एवढंच काम करत होते. चांगला सांधा आणि वाईट सांधा यांतला फरक आपण छिन्नीच्या टोकाशी शिकलो, असं ते सांगतात.

इथे एक गोष्ट मला नंतर लक्षात आली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. फॅब्रिकेशनची मजुरी बहुतेक वेळा किलोवर असते. जितकं लोखंड लागेल तितकी मजुरी. भाऊ स्वतःहून पाच मिलिमीटरची प्लेट मागत होता, पैसे द्यायला तयार होता आणि मिस्त्री हिशेब मांडून त्याला तीनवर आणत होते. स्वतःची मजुरी स्वतःच्या खडूने कमी करत होते. आपण या माणसांना वजनावर पैसे देतो, आणि त्यांचं खरं काम असतं कुठे लोखंड घालायचं नाही ते ओळखण्याचं. त्या ओळखण्याला आपल्या बिलात रकाना नाही. हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो, आणि तो बदलता येण्यासारखा आहे.

नाशिकला लोखंडाच्या कामाचं कौतुक नाही असं नाही. महिंद्राचा कारखाना सातपूरला आहे. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झालेल्या आणि १९४७मध्ये जीप जोडायला लागलेल्या या कंपनीची बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली, आणि दोन्ही नाशिकला बनू लागल्या. नाशिकहून पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेली पिकअप आडगाव सोडलं की ओझरवरून जाते. तिथे १९६४ साली मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे तिथे सुखोईही बांधली गेली. त्या विमानांचा ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून जोडतात, आणि त्या कामाची नोंद ठेवली जाते. जुन्या नाशकात भांडी बाजार आहे. तांब्या-पितळेची इथली भांडी महाराष्ट्रभर गेली. म्हणजे धातूला आकार देणारे हात या गावाला परके नाहीत. पण कारखान्यात हौद्याचा पहिला तळ मोठ्या प्रेसखाली आकार घेतो, तेव्हा तो सगळ्या गाड्यांसाठी सारखा असतो. काही वर्षांनी दुसरा तळ लागतो तो त्या एकाच गाडीसाठी. तोपर्यंत एकसारख्या निघालेल्या दोन गाड्या एकसारख्या राहिलेल्या नसतात, आणि तो दुसरा तळ कुठल्याच कारखान्यात मिळत नाही.

आमच्या हौद्याचं हेच निघालं. मिस्त्रींनी दोन्ही कर्ण मोजले. चौकट काटकोनात असेल तर दोन्ही सारखे यायला हवेत. आमचा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा अंगठाभर लांब आला. वर्षानुवर्षं बांधाच्या एकाच बाजूने गाडी लावून, एकाच बाजूने माल चढवून हौदा हळूहळू तिरका झाला होता. ओढून सरळ करायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता बाकी सगळं त्याच आकारात बसलंय. फाळका त्याच्यात लागतो, बिजागऱ्या त्याच्यात फिरतात. त्यांनी पुठ्ठ्याचा फर्मा काढला, चारही कोपऱ्यांतल्या खांबांच्या खाचांसकट, आणि पत्रा त्या फर्म्यावर आखून कापला. गुण्या लावून पाहिलं तर त्या पत्र्याचा एकही कोपरा नव्वद अंशांचा नव्हता. हौद्यात मात्र तो बसला.

पत्रा बसण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं होतं आणि ते आता कोणालाच दिसणार नाही. सगळी चॅनल तारेच्या ब्रशने घासून लोखंडाच्या रंगावर आणली, थिनरने पुसली, त्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात, वाळल्यावर काळा रंग. नव्या पत्र्याच्या खालच्या अंगालाही तेच. फक्त जिथे टाका पडणार तेवढ्या पट्ट्या उघड्या ठेवल्या, कारण रंगावर वेल्डिंग धरत नाही. या रंगाला वाळायला वेळ लागतो. गाडी अडकून पडते, म्हणून गिऱ्हाईक इथेच घाई करतं. भावाचेही दोन फोन आले. मिस्त्रींनी फोन माझ्याकडून मागून घेतला आणि सांगितलं, "भाऊ, वरून रंग तुम्ही कधीही मारू शकता. खालून मारायला मग हौदा पुन्हा उचलावा लागेल." त्यानंतर फोन आला नाही.

वेल्डिंग मला वाटलं होतं तसं नव्हतं. मला वाटलं होतं, एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला संपवतात. तसं केलं तर तीन मिलिमीटरचा पत्रा उन्हात ठेवलेल्या पापडासारखा वळतो. टाका पडतो त्या जागी लोखंड वितळतं, म्हणजे दीड हजार अंशांच्या आसपास पोचतं. भोवतीचा पत्रा थंडच असतो. तापलेला भाग फुगू बघतो, थंड भाग त्याला फुगू देत नाही. निवताना तो आकसतो आणि शेजारच्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून मिस्त्री मधोमध एक टाका मारायचे, मग डाव्या टोकाला, मग उजव्या, मग परत मध्ये. प्रत्येक वेळी इंचभर, आणि दोन टाक्यांत वीतभर जागा सोडून. अडीच मिलिमीटरचा रॉड, प्रवाह कमी. मध्येच थांबून तळहात पत्र्यावर टेकवायचे. हात टिकला तर पुढचा टाका, नाही टिकला तर बिडी. एवढं करूनही एके ठिकाणी पत्रा ढोल झाला, पाय पडला की ढबकन वाजू लागला. त्यांनी त्या जागी गॅसने रुपयाएवढा डाग लाल केला, ओल्या फडक्याने निववला, असं दोन-तीन ठिकाणी, आणि तो फुगवटा आकसून बसला. ज्या आकसण्याने पत्रा बिघडतो त्याच आकसण्याने तो सुधारलाही.

आमच्या आजोबांच्या काळी बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवत ती याच गुणावर. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान बनवायचा, गोवऱ्यांच्या आरात लाल करायचा, फुगलेली धाव चाकावर घालून वरून पाणी ओतायचा. निवताना ती आकसायची आणि सगळे आरे, पाटे, तुंबा आवळून एकजीव करायची. एक खिळा न मारता. गावात धाव चढवायचा दिवस असला की पोरं शाळा बुडवून बघायला जमायची, असं वडील सांगत. ते लोहार आता गावात नाहीत. त्यांचं ज्ञान नाहीसं झालं असं मी समजत होते. ते महामार्गाच्या कडेच्या शेडमध्ये आलेलं आहे.

तापण्या-निवण्याचा आणखी एक हिशेब मिस्त्रींनी कडेला केला. पत्रा हौद्याच्या बाजूच्या भिंतींना चिकटवला नाही, दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवली. पौषात पहाटे निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचा पत्रा साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. एवढ्या फरकाने नऊ फूट लोखंड पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास लांबतं. त्याला जागा दिली नाही तर ते सांधे तोडून जागा करून घेतं. त्या फटीतून पाणीही खाली जातं. शिवाय फाळक्याच्या बाजूला त्यांनी दोन भोकं पाडली, अंगठा जाईल एवढी मोठी. बारीक भोकं कांद्याच्या टरफलांनी पहिल्या फेरीतच बुजतात. भोकांची जागाही ब्रेकच्या नळीवर आणि सायलेन्सरवर पाणी पडणार नाही अशी काढली.

नवा पत्रा कापण्याआधी तो साधा हवा की चेकर, यावर भाऊ आणि मिस्त्री यांचं बराच वेळ जमलं नव्हतं. भावाला साधा हवा होता. त्याच्यावरून कॅरेट लोटला की सरकतो, मोकळा कांदा फावड्याने ओढता येतो. मिस्त्रींना उठावाच्या नक्षीची चेकर प्लेट हवी होती. टोमॅटो फुटला की साधा पत्रा निसरडा होतो आणि पावसात तर उभं राहवत नाही. "कॅरेट सरकायला पाहिजे हे खरं," ते म्हणाले, "पण माणूस सरकायला नको." शेवटी पुढचा भाग साधा आणि फाळक्याकडचे तीन फूट चेकर असं ठरलं, कारण उतरवणारा माणूस तिथे उभा राहून ओढतो. मला हा तोडगा अतिशय बुद्धिमान वाटला. कुठल्याही कंपनीच्या यादीत असा तळ नसेल. तो आमच्या गाडीसाठी, आमच्या मालासाठी आणि न पाहिलेल्या एका हमालाच्या पायासाठी झाला.

मिस्त्रींच्या चेकर प्लेटकडे बघताना मला एक जुना रथ आठवला. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली धातूची चार ओतीव शिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला एक रथ. सगळी मिळून साठ किलोंच्या वर वजन, वय साडेतीन-चार हजार वर्षांचं मानतात. अभ्यासकांत त्या काळावर मतभेद आहेत, पण तो मानला तर हा रथ आपल्या मुलखातल्या वाहनाच्या सगळ्यात जुन्या धातुशिल्पांपैकी एक ठरतो. त्या रथात माल नाही. एक माणूस उभा आहे, पाय रोवून. वाहनाचा तळ बनवणाऱ्याने त्या काळीही आधी पायांचाच विचार केला असणार, असं मला वाटतं.

शेवटचं काम कडांचं. ग्राइंडर मारून झाल्यावर मिस्त्रींनी कापसाचा बोळा सगळ्या कडांवरून फिरवला. जिथे धागा अडकला तिथे पुन्हा ग्राइंडर. ज्या कडेने त्या हमालाची पोटरी सोलली तिच्या जागी आता गोल घासलेली पट्टी होती. मी त्यांना त्या पायाबद्दल पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते तेव्हा काही बोलले नव्हते.

ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, माथाडी आणि हमाल कामगारांचा. त्याची अंमलबजावणी किती झाली यावर बोलायला जागा आहे, तरी त्या श्रमाला नाव मिळालं, मंडळं मिळाली, हक्क कागदावर आले. ओझ्याखालचा तळ करणाऱ्यांना असं काही मिळालेलं नाही. ट्रक रंगवणारा पेंटर निदान कोपऱ्यात आपलं नाव आणि फोन लिहितो. फॅब्रिकेशन करणारा आपल्या कामावर सही करत नाही, कारण त्याचं चांगलं काम रंगाखाली आणि मालाखाली जातं. त्याच्या वाट्याला येतो तो धूर. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर टाका मारला की जस्ताची वाफ निघते आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि डोळे. मिस्त्रींचा मदतनीस विशीतला पोरगा. मिस्त्री काळी काच धरून टाका मारताना तो पत्रा दाबून धरतो आणि मान वळवतो. मान वळवायला क्षणभर उशीर झाला की चमक लागते. तेव्हा काही कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी गळत राहतं, आणि तो बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पहाट होण्याची वाट बघतो. ही अतिनील किरणांनी बुबुळाला झालेली भाजणूक असते. बटाट्याने थंडावा मिळतो, इजा टळत नाही. ती टळते ती फक्त काचेने, आणि शेडमध्ये काच एकच होती.

कापलेला जुना तळ भंगारवाल्याने वजन करून नेला. तिथून तो बहुधा जालन्याच्या भट्ट्यांकडे जाईल आणि सळई होऊन कोणाच्या तरी स्लॅबमध्ये बसेल. नव्या तळावरून पहिला माल पिंपळगावला गेला तेव्हा भावाने फोटो पाठवला. फोटोत अर्थातच कॅरेटच होते.

पिकअपचा हौदा करून घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा टाकू देऊ नका. खालच्या चॅनलना रंग लागून वाळल्याशिवाय वर पत्रा चढवायची घाई करू नका. मिस्त्री जाडी कमी सांगत असेल तर त्याचं ऐका, आणि किलोची मजुरी ठरवताना त्याच्या हिशेबाची मजुरी वेगळी धरून ती घासाघीस न करता द्या. आणि शेजारी एखादा पोरगा उघड्या डोळ्यांनी पत्रा धरून उभा असेल तर काम थांबवायला सांगा; डोक्यावर बसणारा काळ्या काचेचा मुखवटा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो तुमच्या कामाच्या खर्चात धरून त्याला घेऊन द्या.